आपट म्हणजे चार

देरा, दुबई
शुक्रवार, २६ सप्टेंबर १९९७

प्रिय मार्क,

तू घरी पोहोचल्याचं आईने फोनवर सांगितलं. तू सांगितलं नाहीस. एअरपोर्टवर तू मला बॅगेलाही हात लावू दिला नाहीस, तेव्हा तुझ्या फोनची वाट पाहण्यात माझंच चुकलं. असो. मोठा भाऊ म्हणून पहिलं पत्र मीच लिहितो. आपल्या घराण्यात आधी कोण बोलणार, यावर दोन-दोन पिढ्या जातात.

तुझी कॉट अजून रिकामी आहे. खाली तुझी वेताची काठी राहिली आहे. तिचं काय करायचं ते कळव.

त्या दिवसाचं तू माझ्याकडून पुरतं ऐकून घेतलं नाहीस, म्हणून आता क्रमाने लिहितो. बरोबर काय नि चूक काय ते तूच ठरव.

कुया लिटो हॉटेलच्या बेकरीत, आपण दोघे बँक्वेटमध्ये. तू दुबईत आलास आणि दुसऱ्याच महिन्यात त्याच्या मागे लागलास, की कुया, तुमची ती फिलिपिनो काठी आम्हाला शिकवा. कुया म्हणजे दादा, हेही तूच मला सांगितलंस. मग तीन वर्षं दर शुक्रवारी चर्चमधला मिस्सा झाला की आपण तिघं रास अल खोरच्या त्या टायरच्या गोदामात. त्याच्या घराण्यातला दहा आकड्यांचा एक डाव, दोघांनी मिळून खेळायचा. तुला मारणाऱ्याची बाजू दिली, मला उत्तर देणाऱ्याची. कागदावर उतरवून घेऊ का विचारलं, तर म्हणाला, ‘पेपर हॅव नो रिस्ट.’ कागदाला मनगट नसतं. आकडा कानावर पडला की हात उठला पाहिजे. मध्ये डोकं आलं की उशीर झालाच म्हणून समजा.

आणि आकडे त्याच्या भाषेतले. इसा, दालावा, तात्लो, आपात. ते काही केल्या माझ्या डोक्यात राहीनात, तेव्हा तूच ते वाक्य जुळवलंस: ‘इसा, दळवा, ताटली आपट, लिंबू आण, पितो, वाल सोल श्यामा, संपू.’ एक ते दहा, सगळे आले. कुयाला अर्थ सांगितला तेव्हा तो टायरवर बसून डोळे पुसेपर्यंत हसला होता. तेव्हापासून आपल्यात चार म्हणजे आपट.

त्या शुक्रवारी नऊ आकडे झाले आणि दहावा दाखवायला कुया माझ्या जागी तुझ्यासमोर उभा राहिला. मला म्हणाला, तू आकडे म्हण. मग काठी खाली करून, हात पुढे धरून तो तुला काहीतरी समजावू लागला. तेवढ्यात वॉचमन गोदाम बंद करायला चावी घेऊन आला. मी तुला ओरडून म्हणालो, ‘आपट.’ म्हणजे काठी टाक, चल, खलास. मी मराठीत म्हणालो. तू आकडा ऐकलास आणि चौथा मारलास, आडवा, त्याच्या कोपरावर.

तू म्हणालास की काठी ठेव म्हणून सांगायला कोणी ‘आपट’ म्हणतं का. घाईत माणूस काहीही म्हणतो. आपलीच भाषा तुला कळली नाही, त्याला मी काय करू? एवढंच माझं म्हणणं आहे. मी रागावलेलो नाही.

हॉस्पिटलमध्ये कुयाने जिन्यावरून पडलो म्हणून सांगितलं. आपल्या दोघांच्या नोकऱ्या त्यानेच वाचवल्या. तुझी तू सोडलीस, ते तुला कोणी सांगितलं नव्हतं. प्लास्टर सहा आठवडे आहे. होईल बरा, इन्शाल्ला.

उत्तर लिही.

तुझा
पॅट्रिक


देरा
शुक्रवार, १२ मार्च १९९९

प्रिय मार्क,

हे आठवं की नववं पत्र, मोजायचं सोडलं आहे. पालथ्या घड्यावर पाणी घालायचं तर घड्याला विचारून घालत नाहीत.

लग्नाच्या शुभेच्छा. जॅकलीनला माझा नमस्कार सांग. आईला मी सांगितलं की रजा मिळाली नाही. तुला खरं सांगतो, मी रजा मागितलीच नाही. पत्रिकेवर माझं नाव तुझ्या अक्षरात नव्हतं.

कुया गेला. प्लास्टर निघालं, पण कोपर सरळ होईना. कणीक तिंबायला दोन हात लागतात, आणि बेकरीत दुसरं काम नाही. गेल्या वर्षी काँट्रॅक्ट संपलं ते हॉटेलने पुढे वाढवलं नाही. मी त्याला एअरपोर्टवर सोडायला गेलो होतो. उजवा हात काखोटीला काही धरल्यासारखा वाकलेला, डाव्या हातात सामान. तुझं विचारलं त्याने. मग म्हणाला, ‘यू टू, वन सेट. नो हाफ-हाफ.’ तुम्ही दोघे मिळून एक आहात, अर्धं-अर्धं होऊ देऊ नका. मी यस कुया म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

शुक्रवारी मी अजून गच्चीवर जातो. एकटाच उभा राहून आकडे म्हणतो आणि उत्तरं देतो. शेजारच्या इमारतीतल्या बायका कपडे वाळत घालताना बघतात आणि हा माणूस माशा मारतो आहे असं त्यांना वाटत असणार. खरी पंचाईत पुढे आहे. समोर मारणारा नसला की उत्तर सैल पडतं. कुठल्या उंचीवर, किती जोरात, ते समोरच्यामुळे ठरायचं. माझ्याकडे नुसती उत्तरं आहेत रे, प्रश्न सगळे तुझ्याकडे. तुझा डावा हात काय करायचा तेही मला आठवत नाही, कारण मी तो पाहिलाच नाही. कुया घसा फोडून सांगायचा, ‘नो लुक स्टिक, लुक शोल्डर,’ आणि मी गाढवासारखा तुझ्या काठीकडे बघत बसायचो.

एक गोष्ट कबूल करतो. त्या शुक्रवारी मी जरा चिडलेला होतो. तीन वर्षं आपण बरोबर शिकलो आणि दहावा दाखवायची वेळ आली तेव्हा त्याने मला बाजूला केलं नि तुला समोर घेतलं. ‘मार्क्स हँड रिमेम्बर, पॅट्रिक्स माऊथ रिमेम्बर,’ असं तो एकदा म्हणाला होता, ते मला लागलं होतं. पण त्याचा या सगळ्याशी काही संबंध नाही. सहज लिहिलं.

तू बेकरीत कामाला लागलास असं आई म्हणाली. बँक्वेटचा माणूस बेकरीत कशाला, असं मी विचारणार होतो. विचारलं नाही.

पॅट्रिक


अल ऐन
शुक्रवार, ७ जून २००२

प्रिय मार्क,

आज पत्र अल ऐनहून, कारण आज जे ऐकलं ते दुबईला पोहोचेपर्यंत माझ्या पोटात राहणार नाही. बस स्टँडजवळच्या चहाच्या दुकानात बसून लिहितो आहे.

कुयाची मुलगी मारिव्हिक इथल्या एका हॉस्पिटलमध्ये नर्स म्हणून आली आहे. वडिलांच्या जुन्या वहीत हॉटेलचा नंबर होता, त्यावरून तिने मला शोधून काढलं. तिशीची असेल. चालताना खांदे त्याच्यासारखेच टाकते.

कुयाला गेल्या वर्षी झटका आला. उजवी बाजू गेली, आणि आठवणही जाते आहे. कधी मुलीला ओळखतो, कधी तिला बहीण समजतो. पण सकाळी उठला की खुर्चीत बसून डावा हात हवेत फिरवतो, दोन-तीन आकडे होतात आणि पुढचं सापडत नाही. मग रडतो. ज्याच्याबरोबर तो हा डाव खेळायचा तो त्याचा भाऊ वारला. तिसरा माणूस ज्याला डाव येतो असा जगात नाही. आपण दोघेच, तेही अर्धे-अर्धे.

ती म्हणाली, ‘यू बोथ डू इट वन टाइम. आय विल टेक द व्हिडिओ. पापाला एकदा पूर्ण दिसू दे.’ ती ऑगस्टच्या दहा तारखेला सुटीवर घरी जाते आहे. पुढच्या सुटीपर्यंत तो असेल असं तिला वाटत नाही. हे तिने नर्स सांगते तसं सांगितलं, रडली वगैरे नाही.

मी तिला हो म्हणून बसलो. कोणाच्या जिवावर म्हणालो, ते मलाही ठाऊक नाही.

मार्क, तू माझ्याशी बोलू नकोस. पत्र लिहू नकोस. मी मेलो तर पुष्पचक्रही पाठवू नकोस. फक्त कोणाकडून तरी कॅमेरा आण, अंगणात उभा राहा आणि तुझी बाजू करून टेप पाठव. माझी मी इथे जोडतो. दहावा कोणालाच येत नाही, पण नऊ तर होतील. माझ्यासाठी मागत नाही. त्याच्यासाठी मागतो.

ऑगस्टची दहा तारीख, लक्षात ठेव.

पॅट्रिक


देरा
शुक्रवार, १९ जुलै २००२

प्रिय मार्क,

टेप मिळाली. आपल्याकडचा पापडीचा एक माणूस सुटीवरून परतला, तो काल हॉटेलच्या रिसेप्शनवर ठेवून गेला. सोबत तुझी ओळ नाही, जॅकलीनची चिठ्ठी आहे. ती लिहिते, ‘दादा, ते तुमची पत्रं उघडत नाहीत. मी उघडते, वाचते आणि कपाटात ठेवते. कुयांच्या आजाराचं तेवढं मी त्यांना सांगितलं. दोन दिवस ते जेवले नाहीत. मग स्वतःच कॅमेरा मागून आणला. हे तुमच्यासाठी नाही, असं त्यांनी सांगायला सांगितलं आहे.’

बरं. माझ्यासाठी नाही, कळलं.

पण मी पाहिली. रूममधल्या सगळ्यांना बाहेर पाठवून पाहिली. मार्क, पाच वर्षांनी तुला पाहिलं. केस गेले की रे तुझे. अंगणात आईची ती पाण्याची टाकी, मागे केळी. हातात पेरूची फांदी धरलीस, कारण काठी इथे आहे. तू एकही आकडा तोंडाने म्हणाला नाहीस, तरी मला सगळे ऐकू आले. एक. दोन. तीन. डावा हात तो असा छातीशी, आता कुठे कळलं. आणि मग तू थांबलास.

मला वाटलं टेप अडकली. मागे घेऊन पुन्हा लावली. टेप अडकलेली नाही. तीन झाल्यावर तू खाली वाकलास, ती फांदी जमिनीवर ठेवलीस, हळूच, झोपलेल्या मुलाला ठेवावं तशी. एक आकडा होईल एवढा वेळ हात रिकामे ठेवून उभा राहिलास. मग उचललीस आणि पाच, सहा, सात, आठ, नऊ. चार नाहीच.

काल मी टीव्हीसमोर उभा राहून माझी बाजू केली. चारच्या जागी माझा हात उत्तर द्यायला गेला आणि समोर कोणी नव्हतं. तोल गेला माझा. पन्नाशीकडे आलेला माणूस टीव्हीसमोर गुडघ्यावर पडला.

पुन्हा एकदा करून पाठवतोस का, एवढंच विचारायला पेन उचललं होतं. आता विचारवत नाही.

बँक्वेटच्या फोटोग्राफरचा कॅमेरा आणला आहे. टीव्ही आणि मी एका चौकटीत येऊ अशी मांडणी केली आहे. आहे तसं पाठवतो, भोकासकट. नईफ रोडवरचा दुकानदार ते कुयाच्या देशात चालेल अशा टेपवर उतरवून देणार आहे.

पॅट्रिक


देरा
शुक्रवार, ६ सप्टेंबर २००२

मार्क,

कुया गेला. मंगळवारी पहाटे. मारिव्हिकचा फोन आला होता.

त्याने टेप पाहिली. रोज पाहिली, दिवसातून तीन-तीन वेळा. मुलीला ओळखत नव्हता पण आपल्याला ओळखलं, असं ती म्हणते. तुझ्याकडे बोट दाखवून ‘हँड’ म्हणायचा आणि माझ्याकडे दाखवून ‘माऊथ’. आणि टेप त्या रिकाम्या जागेवर आली, की ज्याच्या तोंडातून आठ दिवसांत दोन शब्द नीट निघाले नव्हते तो म्हातारा मोठ्याने म्हणायचा, ‘आपात.’ दर वेळी. मग पुढचे पाच ते नऊ मुकाट्याने बघायचा. मारिव्हिकने मला विचारलं, ‘व्हाय यूअर ब्रदर स्टॉप देअर?’ मी सांगितलं की टेप खराब होती.

शेवटी एक गोष्ट तिने सांगितली. नववा आकडा झाला की कुया हातातली काठी टीव्हीकडे पुढे करायचा. ती म्हणाली, ‘दॅट्स टेन.’ लहानपणी तिने बाप आणि काका यांना खेळताना पाहिलं होतं. मधलं काही तिला आठवत नाही, पण शेवट आठवतो, कारण तेव्हा दोघे हसायचे. दहाव्याला फटका नाही मार्क. दहाव्याला समोरच्याच्या हातात आपली काठी द्यायची, त्याची आपण घ्यायची, आणि बाजू बदलून पुन्हा एकपासून सुरू करायचं. तो काठी खाली करून, हात पुढे धरून तुला हेच समजावत होता. त्या दिवशी पुढच्या पाच मिनिटांत तुझी बाजू मला मिळणार होती.

आणि मी जळत होतो. मला वाटलं, काहीतरी गुप्त डाव आहे आणि तो फक्त तुलाच मिळणार.

वॉचमन आला नव्हता, मार्क. तो नंतर आला, कुया खाली बसला होता तेव्हा. मी काठी टाक म्हणालो नाही. त्या क्षणी माझ्या डोक्यात मराठी नव्हतंच. तुम्ही दोघे डोक्याला डोकं लावून उभे, मला कोणी विचारत नाही. मनात आलं, आकडा मारू या मधेच, धांदल उडेल, काठीवर काठी आपटेल, कुया तुला झापेल. एवढंच. तुझा हात किती पक्का झाला आहे हे मला ठाऊक होतं. त्याची काठी खाली आहे, हे मात्र मी पाहिलं नाही. मी तेव्हाही तुझ्याच काठीकडे बघत होतो.

मग कोपराचा आवाज झाला. सगळ्यात आधी मला काय सुचलं असेल? तो शब्द मराठीतही आहे, हे सुचलं. तुझ्या त्या वाक्यातच पळवाट तयार होती. आणि चोराच्या उलट्या बोंबा, तुलाच म्हणालो की आपली भाषा तुला कळली नाही. तुला ती कळली होती. तुला शिकवलेलं सगळंच नीट कळलं होतं. तुझ्या हाताने जे करायला शिकवलं होतं तेच केलं.

पाच वर्षं तू स्वतःच्या हाताला शिक्षा करतो आहेस. बेकरीत दुसऱ्याच्या वाटची कणीक तिंबतो आहेस. हे मला १९९९ सालीच कळलं होतं आणि मी ‘विचारलं नाही’ असं लिहून मोकळा झालो. आता ज्याला सांगायला हवं होतं तो गेला. मारिव्हिकला मी आजही खरं सांगू शकलो नाही, टेप खराब म्हणालो. बघ, अजून सवय गेलेली नाही. मला झोप नाही, मिस्साला जायचं धाडस नाही. माफी मागत नाही, कारण ती तू देशील अशी भीती वाटते.

तुझी काठी पापडीच्या त्याच माणसाबरोबर पाठवली आहे. दहावा माझ्याकडून झाला. तुला घ्यायची नसेल तर चुलीत घाल.

जॅकलीन, हे पत्रसुद्धा तूच उघडलं आहेस, हे मला माहीत आहे. आधीची सगळी पत्रं कपाटात राहू देत, त्यांत खोटंच जास्त आहे. याही पत्रातलं बाकी काही त्याला सांगू नकोस. फक्त एक काम कर. तो घरात असेल, पाठमोरा असला तरी चालेल, तेव्हा पुढची ओळ मोठ्याने वाच. तो ऐकणार नाही म्हणेल, पण कानावर पडलेलं त्याच्या हातापर्यंत पोहोचतं, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक नाही.

मार्क, मी आकडाच म्हणालो होतो.

पॅट्रिक